फुटलेल्या ताऱ्यासाठी कड्यावर

समृद्धीला एक फोटो हवा होता. एकच! पण तो माणसाचा नव्हता, की डोंगराचा नव्हता. तो होता एका फुटलेल्या ताऱ्याचा.

माणूस जेमतेम शेती शिकत होता त्या काळात दक्षिणेच्या आकाशात हा तारा फुटला, आणि त्याच्या चिंध्या अजून पसरतच आहेत. अगस्तीच्या डावीकडे, थोडं वरच्या अंगाला, तांबड्या-निळ्या धाग्यांचं भलंमोठं जाळं. साध्या डोळ्यांना ते दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतं, तेही अंधार काळाकुट्ट असेल तर.

पुण्यातला आकाशनिरीक्षकांचा एक गट पुढचं वर्षभर सह्याद्रीच्या माथ्यांवरून आकाशाची पाहणी करणार होता. त्यात यायचं तर अट एकच होती. या जाळ्याचा फोटो स्वतः काढायचा आणि महिना संपायच्या आत पाठवायचा. धागे दिसले पाहिजेत! समृद्धीनं फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं. शौर्य झाला आणि कॉलेजातली शिकवायची नोकरी सुटली. आता तो चार वर्षांचा होता, आणि "बघू, जरा मोठा झाला की" हे वाक्य घरात इतक्यांदा म्हणून झालं होतं की ते कुणाला ऐकूही येईनासं झालं होतं. फोटो हुकला की ती जागा हुकली. जागा हुकली की पुन्हा "बघू!"

दोनदा तिनं प्रयत्न केला होता. पहिल्यांदा आळे गावातच, घरामागच्या शेतात. पण उसात बिबट्या फिरतोय म्हणून आजूबाजूच्या प्रत्येक वस्तीवर मोठाले फोकस लावलेले. त्या दिव्यांच्या भरवशावरच शौर्य संध्याकाळी अंगणात खेळायचा, त्यामुळे त्यांना शिव्याही देता येईनात! फोटोत आलं नुसतं दुधट धुकं. दुसऱ्यांदा ती पारगावच्या बाजूच्या माळावर गेली. तिथं कारखान्याचा हंगाम जोरात. रात्रभर उजेड, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि धुरळा.

आता माघातली अमावास्या. या महिन्यातला हा शेवटचाच अंधार. पश्चिमेला, घाटमाथ्यावर, आंबे-हातवीजच्याही पुढं पठाराची एक धार कोकणावर झुकलेली आहे. तिथून दक्षिणेला दिसतं ते फक्त आहुपे-भीमाशंकरकडचं रान. दिवा नाही, वस्ती नाही. जायचं ते तिथंच!

"वैनी, खोडदला आभाळ ऐकायच्या येवढाल्या डिशा हायेत, आन तुमी ही बादली घेऊन डोंगराव निघालाय व्हय?" रामदासनं पिकअपमध्ये सामान चढवताना विचारलं. हा तिचा धाकटा दीर. टोमॅटोची गाडी घेऊन रात्री-अपरात्री मार्केटला जाणारा, अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून दांडगा.

"बादली नाही भावजी, दुर्बीण आहे. आणि आडवी टाकू नका तिला."

दिसायला होती मात्र ती बादलीसारखीच. नळी जेमतेम हातभर, तळाशी वीतभर रुंदीचा खोलगट आरसा. लांबलचक दुर्बिणीला जो उजेड गोळा करायला रात्र लागते, तो ही काही तासांत गोळा करायची. पाठीवर टाकून डोंगर चढावा इतकी हलकी. पण जितकी चपळ तितकीच तापट! आरसा केसभर हलला, फोकस कागदाच्या जाडीनं सरकला, की सगळे तारे फिसकटले. समृद्धीनं आणि तिची कॉलेजपासूनची मैत्रीण आयशा हिनं दोघींत मिळून ती घेतली होती, आणि घेतल्यापासून दोघींचं निम्मं भांडण तिच्यावरूनच व्हायचं.

निघताना समृद्धीचा पाय अंगणातून निघेना.

"आई, तापाचं सिरप फ्रिजच्या दारात आहे. ताप आला तर आधी अंग पुसा. अंधार पडला की दार लावून घ्या. तिकडं रेंज नाही, फोन लागला नाही तर घाबरू नका..."

"आगं, मी कशाला घाबरू? घाबरतीस तू," सासूबाई धोंडाबाई म्हणाल्या. त्यांच्या कडेवर शौर्य पेरू खात होता. "ह्याच अंगणात दोन पोरं वाढवली म्या. जा आता. न्हाईतर दिवस मावळंल हितंच."

शौर्यनं पेरूचा हात हलवला. रडलासुद्धा नाही! समृद्धीला त्याचंच वाईट वाटत राहिलं, थेट आळेफाट्यापर्यंत.

जुन्नरच्या बाजारपेठेत आयशाच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. आयशा शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीत दुकानात बसायची. बारीक स्क्रू, बारीक पान्हे, सगळं तिच्या हातातलं. दुकानाच्या फळीवर दुर्बीण उताणी ठेवून तिनं आरसा धरून ठेवणाऱ्या तीन क्लिपा तपासल्या.

"घाटात गाडी आपटणार, समू. थोड्या आवळते."

"थोड्या कशाला? चांगल्या आवळ. आरसा खुळखुळला तर मेलोच आपण."

आयशानं आवळल्या. समृद्धीनं बोट लावून पाहिलं. "अजून एकदा."

"बस ना आता!"

"एकदाच गं. माझ्या जिवाला बरं वाटेल."

आयशानं तिच्या जिवासाठी आणखी एक पिळा दिला. मग दुर्बीण शौर्यच्या जुन्या दुपट्यात गुंडाळली, वर गोधडी, वर ताडपत्री. निघाले!

आपटाळे मागं पडलं तशी उसाची हिरवी पट्टी संपली. रस्ता अरुंद होत गेला, हिरड्याची झाडं दिसायला लागली, आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर समृद्धी मागं वळून ताडपत्रीची दोरी बघत राहिली. डांबरी संपली तिथं शेवटचं घर ठकूबाईंचं. पिकअप त्यांच्या अंगणात लावायची परवानगी रामदासनं आधीच काढली होती.

"ह्यात काय हाय, पावणं?" ठकूबाईंनी बोचक्याकडं बोट दाखवलं. "ल्हान मूल हाय का?"

"त्याच्यापेक्षा लई जपत्यात," रामदास म्हणाला. "माझ्या पुतण्याला येवढं कुनी गुंडाळलं नाय कदी!"

मोबाईलची रेंज त्याच अंगणात संपली. समृद्धीनं शेवटचा फोन लावला; शौर्य कार्टून बघत होता, त्याला बोलायला वेळ नव्हता. मग तिघं चढाला लागली. रामदासच्या पाठीवर ट्रायपॉड आणि तारे फिरतील तशी दुर्बीण फिरवणारं वजनदार यंत्र, आयशाकडं बॅटऱ्या, लॅपटॉप आणि पाणी. समृद्धीच्या पाठीवर दुर्बीण, आणि पोटाशी बांधलेली औषधांची पिशवी.

सुरुवातीची वाट गुरांची होती, सोपी. पुढं ती कारवीच्या दाटीत शिरली. वाळलेल्या काटक्या अंगावर सपासप बसत होत्या. कारवी संपली तर उभं वाळकं गवत, आणि त्याची कुसळं मोज्यांतून थेट कातडीत! आयशा दर पंधरा-वीस पावलांवर थांबून कुसळं उपटायची, रामदास दर वेळी उसासा टाकायचा. सूर्य खाली खाली चालला होता. वर पोचून उजेडातच मांडामांड करायची होती, आणि इथं वाटच हरवली होती.

"नाळेतनं जाऊ," रामदास म्हणाला. "सरळ वर निघतीय बघा."

कोरड्या ओढ्याची ती नाळ खरोखरच सरळ वर निघत होती. फारच सरळ. सगळा घसारा! पाय ठेवला की खालचे दगड निसटायचे. रामदास पुढं, मध्ये समृद्धी, मागं आयशा. अर्ध्यावर आले असतील नसतील, रामदासच्या पायाखालून एक धोंडा सुटला.

"दगड! बाजूला व्हा!"

समृद्धी भिंतीला चिकटली. धोंडा गेला. पण त्याच्यामागं मुरमाचा सगळा पट्टाच घसरू लागला. तिचे पाय सुटले. हात हवेत गेले. खाली, खाली, खाली! पाठीवर दुर्बीण होती. पाठीवर पडून चालणार नव्हतं. तिनं अंग वळवलं आणि छातीवर, गुडघ्यांवर, हनुवटीवर आपटत ती आयशाच्या अंगावर जाऊन थांबली. आयशानं एका हातानं कारवीचं मूळ पकडलं होतं, दुसऱ्या हातानं तिची सॅक.



"लागलं का?" आयशानं विचारलं.

"नळी बघ आधी. चेपली का?"

"मी तुला विचारतेय गं बये!"

नळी शाबूत होती. समृद्धीचे गुडघे आणि हनुवटी सोलपटली होती. तिनं पिशवीतलं मलम लावलं, कार्टूनचं चित्र असलेली पट्टी हनुवटीला चिकटवली, आणि तशीच ती वर निघाली.

पठारावर पोचले तेव्हा सूर्य कोकणात बुडून गेला होता. पण काय जागा होती ती! समोर धार तुटून सरळ खाली गेलेली, कड्याच्या कपारींतून लोंबणारी आग्यामाश्यांची काळी पोळी, त्याखाली धूसर होत जाणारं रान. डावीकडं दक्षिणेला डोंगरांच्या रांगांमागं रांगा. हिरड्याची छोटीशी राई मागं ठेवून तिघांनी कड्यापासून थोडं आत सपाट खडक निवडला. पोळ्यांकडं रामदासनं आधीच बोट दाखवलं होतं. जुन्नरच्या किल्ल्यांवर माश्या उठल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. विडी नको, अत्तर नको, आरडाओरडा नको, एवढं इकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

"दिवस मावळला, आता झोपल्या त्या," आयशा म्हणाली. तिघांनाही ते पटलं.

ध्रुवतारा दिसला. यंत्र त्याच्याशी जुळवून झालं. दुर्बीण बसली, कॅमेरा बसला. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल जिलेटीन चिकटवलेलं होतं, डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून. समृद्धीनं श्वास रोखून पहिला फोटो घेतला.

तारे आले. तिकोनी!

"हे काय?" ती म्हणाली.

पुन्हा घेतला. तिकोनी. फोकस हलवला. तिकोनी, पण मोठे! प्रत्येक ताऱ्याला तीन टोकं, जणू आकाशभर कुणी समोसे मांडले होते. तिनं लेसर लावून आरसे जुळवले. तिकोनी. आरसा थंड व्हायला वेळ दिला. तिकोनी! फोकस नीट दिसावा म्हणून तिनं चिडून लाल जिलेटीन फाडून काढलं. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर तारे जास्तच तिकोनी दिसू लागले.

वर जाळं हळूहळू दक्षिणेच्या मध्यावर सरकत होतं. दिसत नव्हतं, पण सरकत होतं.

"दोनदा गेलो, दोनदा नाही. आता इथवर आलो, गुडघे फोडून घेतले, तरी नाही! काय पाप केलंय मी?"

"तीन टोकं," आयशा मध्येच म्हणाली. "समू, तीनच टोकं का?"

दोघींनी एकदमच नळीच्या तळाकडं पाहिलं. तीन क्लिपा! आरसा जागच्या जागी राहावा म्हणून आवळ आवळ आवळलेल्या. काचेला श्वास घ्यायला जागा राहिली नव्हती; तीन बाजूंनी चिमटा बसून आरसा किंचित वाकला होता. लांबलचक, संथ दुर्बिणीनं हे पोटात घातलं असतं. हिनं घालायचं नाकारलं.

"मीच म्हणाले, अजून एकदा," समृद्धी पुटपुटली.

"आणि मीच ऐकलं. धर नळी."

वारा सुटला होता. गोधडीचा आडोसा करून, कपाळावरच्या मिणमिणत्या लाल दिव्यात आयशानं मागचं झाकण उघडलं. एक स्क्रू वाऱ्यानं गडगडत गेला. रामदासनं रांगत जाऊन तो गवतातून शोधून आणला. क्लिपा ढिल्या झाल्या, इतक्या की त्यांच्याखालून कागद सरकावा. झाकण लागलं. पुन्हा लेसर, पुन्हा जुळवणी, पुन्हा फोकस. या सगळ्यात किती वेळ गेला ते बघायची समृद्धीची हिंमत झाली नाही.

फोटो घेतला. तारे गोल! टाचणीच्या टोकाएवढे, तीक्ष्ण, गोल!

आणि तारकांच्या गर्दीतून, अगदी पुसट, एक तांबडा धागा.

"आयशा... आला गं!"

आता फक्त थांबायचं होतं. दर काही मिनिटांची एक फ्रेम, अशा फ्रेमांवर फ्रेमा. नंतर त्या एकावर एक चढवल्या की धागे उठून दिसतात. पहिली फ्रेम झाली. दुसरी झाली. तिसरी निम्मी झाली आणि खडकावरून भक्कन पांढरा झोत फिरला.

"भावजी!"

"काय तरी खुसपुसलं तिकडं," रामदासच्या हातात त्याची शेतातली लांब मारा असलेली बॅटरी होती.

"बंद करा! फ्रेम गेली ना!"

त्यानं बंद केली. चौथी फ्रेम सुरळीत. पाचवीला पुन्हा झोत!

"आवो सवय हाय वैनी! रानात बसायचं आन बत्ती नाय मारायची? आमी बांधावं पाणी धराया जातो तर मोबाईलवर गाणी लावून, बत्ती फिरवीत जातो. तवा कुटं परत येतो घरी."

"इथं ऊस नाही, बिबट्या नाही. बत्ती पुन्हा लावली ना भावजी, तर कड्यावरून खाली टाकीन. बॅटरी आधी, तुम्ही नंतर!"

"हा हुकूम कुनाचा? खोडदच्या साहेबांचा?"

आयशा हसली. रामदासनं बॅटरी मांडीवर ठेवून हाताची घडी घातली. फ्रेमा येत राहिल्या. लॅपटॉपचा पांढरा पडदा दगडाआड मिणमिणत होता. वर आकाश असं पसरलं होतं की मान वर केली की तोल जावा. अगस्ती लखलखत होता. बऱ्याच वेळानं समृद्धीच्या खांद्यांमधली गाठ थोडी सैल झाली. असंच आणखी तीन-चार तास, एवढंच! मग हे जाळं तिचं होतं.

मागं राईत काहीतरी सळसळलं.

ती ताठ झाली. वाळका पाला चुरडत कुणीतरी जड पावलांनी चाललं होतं. थांबलं. पुन्हा चाललं. इकडंच! तिच्या डोळ्यांपुढं एकदम घरामागचा ऊस उभा राहिला, अंगणातला शौर्य, चार दिवसांपूर्वी शेजारच्या वस्तीवरून ओढून नेलेलं वासरू. विचार नव्हताच तो. तोंडातून शब्द निघून गेले.

"भावजी, बत्ती! बत्ती लावा!"

रामदास वाटच बघत असावा. झोत राईवर पडला. दोन तांबडे ठिपके चमकले, काट्यांचा पिसारा खळखळला, आणि एक साळिंदर दुडदुडत धारेच्या कडेनं पळालं. झोत त्याच्यामागं फिरला. राईवरून गवतावर, गवतावरून धारेवर, आणि धारेवरून थेट कड्याच्या कपारीत.

"साळू हाय वैनी! साळू!" रामदास हसत सुटला.

समृद्धीला हसू आलं नाही. फ्रेम गेलीच होती, आणि यावेळी तिनं स्वतःच घालवली होती. ती काही बोलणार एवढ्यात खालून आवाज आला. आधी लांबच्या मोटारीसारखा. मग जवळ. मग सगळीकडून.

"बत्ती बंद!" आयशा किंचाळली. "माश्या उठल्या!"

झोत विझला. पण अंधारात आता एकच पांढरा उजेड उरला होता, लॅपटॉपचा. घोंघावत, आदळत, माश्या त्या पडद्यावर पडू लागल्या. लॅपटॉपशेजारी आयशा बसली होती.

"आई गं! डोळा!"

"आयशा, खाली पड! तोंड झाक!"

एक समृद्धीच्या कानामागं चावली. तापलेली सुई! दुसरी मनगटावर. ती पोटावर सरपटत पुढं गेली. पडदा माश्यांनी अर्धा झाकला होता. त्यांच्या पायांमधून फ्रेमचा आकडा पळताना दिसत होता. कॅमेरा या लॅपटॉपवरच चालत होता. झाकला की सगळं बंद. आज बंद म्हणजे कायमचं. तिचा हात झाकणावर गेला आणि थबकला. अगदी क्षणभर! त्या क्षणाची तिला पुढं फार चीड आली.

मग तिनं झाकण फाडकन मिटलं.

काळोख. नुसता घोंघाट. रामदासनं गोधडी ओढून आयशावर टाकली, तिच्यावर स्वतः पडला, आणि समृद्धीनं त्या दोघांवर ताडपत्री घेऊन आत अंग घुसवलं. तिघं एका ढिगात पडून राहिली. कुणी हललं नाही. कुणी खोकलं नाही. रामदासच्या मानेवर माशी चावत होती आणि तो दातओठ खाऊन, हळू आवाजात, अशा शिव्या मोजत होता की एरवी वहिनीसमोर त्यानं त्या मेला तरी काढल्या नसत्या.

आवाज हळूहळू पातळ झाला. माश्या दुर्बिणीकडं वळल्या होत्या. ताडपत्रीच्या फटीतून समृद्धीला ताऱ्यांवर नळीची काळी आकृती दिसली, आणि ती आकृती जाड होत चालली होती. थंडीत कुठं तरी बसायचं म्हणून पोळ्यावरचा सगळा लोंढा त्या हातभर नळीला लगडला होता.

"परत सुरू कर," गोधडीतून आयशाचा आवाज आला. जीभ जड. "बसल्यात त्या. लॅपटॉप गोधडीत घे. मी बरी आहे."

"तुझा आवाज का असा येतोय?"

"बरी आहे म्हटलं ना. इतकं आलो आपण..."

वाक्य संपायच्या आत तिला ओकारी झाली.

समृद्धीनं कपाळावरचा लाल दिवा लावला. लाल उजेड माश्यांना दिसत नाही, हे आयशाच वर्गात शिकवायची. आयशाचा एक डोळा मिटून गेला होता, ओठ सुजले होते, श्वास वर वर चालला होता. समृद्धीनं वर पाहिलं. जाळं मध्यावर होतं, रात्रीतल्या सगळ्यात उंच जागी. यापेक्षा चांगला तास पुढच्या वर्षीपर्यंत नव्हता. तिला संताप आला. माश्यांचा, साळिंदराचा, बॅटरीचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या किंकाळीचा. इतका संताप की डोळ्यांत पाणी आलं.

"भावजी, उचला तिला. खाली जायचं."

"आन दुर्बीण?"

"राहू दे."

पिशवीतून तिनं शौर्यचं ॲलर्जीचं सिरप काढलं, मोठ्या माणसाच्या मापानं झाकणं भरभरून आयशाला पाजलं. संत्र्याच्या चवीचं ते औषध गिळताना आयशा एवढंच म्हणाली, "गोड आहे गं." लॅपटॉप सॅकमध्ये कोंबला. राईपर्यंत तिघं सरपटत गेली, तिथून रामदासनं आयशाला पाठीवर घेतलं. नाळेचा विचारसुद्धा नको! लाल दिव्याच्या वीतभर उजेडात समृद्धी पुढं वाट चाचपत होती. दगड आला की "दगड," फांदी आली की "फांदी," एवढंच बोलणं. गुरांची वाट सापडली तेव्हा तिनं खाली बसून जमिनीला हात लावला.

ठकूबाईंनी दार उघडलं आणि तिघांची तोंडं बघून सरळ आत घेतलं. चूल पेटवली, पाणी ठेवलं. आयशाला भिंतीशी बसवलं. समृद्धी तिचा श्वास मोजत समोर बसून राहिली, तापलेल्या पोराशेजारी बसते तशी. शेवटी आयशा कुरकुरली, "टक लावून बघू नकोस गं, झोप येत नाही." तेव्हा कुठं समृद्धीनं भिंतीला पाठ टेकली. ओठांची सूज उतरायला लागली होती.

सकाळी ऊन चांगलं तापल्यावर रामदास आणि ती पुन्हा वर गेली. माश्या कड्यावर परतल्या होत्या. दुर्बीण यंत्रावर तशीच उभी, माश्यांच्या विष्ठेच्या पिवळ्या ठिपक्यांनी माखलेली. आरशावर दव, दवात चार मेलेल्या माश्या. समृद्धीनं त्या काडीनं एकेक उचलून बाहेर ठेवल्या. कड्याकडं पाठ करून, एक शब्द न बोलता दोघांनी सगळं बांधलं.

ठकूबाईंच्या अंगणात, पिकअपच्या फळीवर, तिनं लॅपटॉप उघडला. चांगल्या फ्रेमा निघाल्या वीसेक. हव्या होत्या त्याच्या पावसुद्धा नाहीत. एकीतून माशी उडत गेली होती. उरलेल्या तिनं एकावर एक चढवल्या आणि पडदा उजळताना ती बघत राहिली.

फोटो रवाळ. वाळू पसरल्यासारखा. डाव्या कोपऱ्यातले तारे लांबट. पण मध्ये, तांबडे आणि निळसर, एकमेकांत अडकलेले, तुटलेले, पुन्हा जुळलेले धागे होते. वीस फ्रेमांत एवढं! दुसऱ्या कुठल्याही दुर्बिणीला हे जमलं नसतं, हे तिला माहीत होतं. तरीही तिचं तोंड उतरलं.

"असं कसं पाठवू? कोपरे बघ. रवा बघ. त्यांच्याकडं लोक कसले कसले फोटो पाठवणार! पुढच्या वर्षी नीट काढू. बघू..."

तो शब्द तोंडातून निघाला आणि तिनं जीभ चावली.

आयशा खाटेवरून उठून आली. एक डोळा अजून पूर्ण बंद, ओठ वाकडे. तिनं लॅपटॉप स्वतःकडं वळवला, मान तिरकी केली आणि बराच वेळ पाहिलं.

"जाळं दिसतंय," ती म्हणाली. "मला एका डोळ्यानं दिसतंय, समू. त्यांना तर दोन असतील."

रामदास खो खो हसला. हसताना सुजलेली मान दुखली म्हणून कळवळला. समृद्धीनं फोटो मोबाईलवर घेतला आणि अंगणाच्या कडेला, जिथं रेंजची एक दांडी येत-जात होती, तिथं जाऊन उभी राहिली. फोन हातात थरथरला. घरून आलेले सात मिस्ड कॉल! अंगठा आपोआप धोंडाबाईंच्या नावावर गेला.

तिनं अंगठा मागं घेतला. आधी फोटो जोडला. खाली लिहिलं, "आंबे-हातवीजच्या पुढचं पठार. वीस फ्रेमा. कोपरे खराब आहेत. धागे आहेत." पाठवला. दांडी गेली, आली, गेली. तिनं हात उंच धरला, टाचा वर केल्या. रेघ सरकत सरकत पुरी झाली. गेला!

मग तिनं घरी फोन लावला.

"कुटं व्हतीस गं?" धोंडाबाई ओरडल्या. "सकाळधरनं तुझ्या पोरानं फोन लावून लावून डोकं खाल्लं माझं. घे, बोल त्याच्याशी."

"आई," शौर्य म्हणाला, "तारा सापडला का?"

"सापडला रे," समृद्धी म्हणाली, आणि खाली कुसळांतच बसली.